धान कापून झालं, आता तलावाकडे: हिवाळ्यात काय काय करता येईल?

झाडीपट्टीकर
नमस्कार मंडळी,

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या (जिल्हा गोंदिया) एका लहान गावातून लिहितोय. हलकं धान दिवाळीआधीच घरी आलं. भारी धानाच्या कडपा (कापून आडवं टाकलेलं धान) अजून बांधीत, म्हणजे भातखाचरात, आहेत, आठवड्याभरात त्यांचीही पुंजणी (गंज्या) रचून होतील. भाऊबीजेपासून आजूबाजूला रोज कुठे ना कुठे मंडई (दिवाळीनंतरची जत्रा, रात्री नाटक) भरतेय. चुरणे (मळणी) आणि खरेदी केंद्रावरची रांग आटोपली की होळीपर्यंत गावातले हात बऱ्यापैकी मोकळे असतात.

आमच्याकडे जुना मालगुजारी तलाव आहे, पूर्वी सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराच्या ताब्यातला. यंदा मच्छीमार संस्था, बचत गट आणि आम्ही पोरं एकत्र बसलो आणि हिवाळ्यात तलावाचं काम करायचंच असं ठरलं. कोणतं काम, यावर मात्र गावात दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं: पाळीवर (तलावाच्या मातीच्या बांधावर) पेव्हर ब्लॉक, बाकडी, दिवे, काठाने फिरायला रस्ता. निधी मिळण्यासारखा आहे, गावाला शोभा येईल. दुसरे म्हणतात (मीही त्यांच्यातला): आधी काठाची बेशरम (पाण्याकाठी माजणारं झुडूप) उपटा. पश्चिमेकडचा सगळा उथळ भाग तिने गिळलाय. देवधान (पाण्यात आपोआप उगवणारा जंगली भात) तिथून गेलं, कमळ मागे हटलं, बारीक मासोळी दिसेनाशी झाली.

तलावाकाठी राहणाऱ्यांनी, राहिलेल्यांनी सांगा: तुमच्या गावात हिवाळ्यात तलावाची कोणती कामं होतात? बेशरम उपटायला हा काळ बरा की उन्हाळा? आणि दोन तटांचं काय करावं?

चहाबाज
आधी मंडईचे फोटो टाका, मग बेशरमीचं बोलू. रात्रभर नाटक बघून सकाळी फावडं कोण उचलणार, हा खरा प्रश्न आहे!

वैनगंगा
धागा बघून बसल्या जागी गावी पोचले. माहेर भंडारा जिल्ह्यातलं, आता पुण्यात असते. दिवाळीनंतरचे ते दिवस म्हणजे सकाळी तलावावर धुकं, दुपारी खळ्यावर उन्हं आणि संध्याकाळी शेकोटी. आई तलावातून आलेली कमळकाकडी चिरायची. कापलेल्या चकतीतून आरपार उजेड दिसायचा आणि सुरीला चिकट तार सुटायची. तशी भाजी पुण्यात विकत आणूनही होत नाही.

तुमच्या प्रश्नावर माझं मत: तटांमध्ये न अडकता पहिल्या दिवशी बायकांना बोलवा. तलावातलं काय काय गेलं हे त्यांना न विचारता सांगता येतं, कारण चुलीवर काय शिजायचं बंद झालं ते त्यांनाच माहीत असतं.

सडकअर्जुनीकर
मी पहिल्या तटातला, म्हणून स्पष्टच लिहितो. पाळीवर चालायला चांगली वाट आणि चार दिवे असले तर वाईट काय? आमच्या गावात संध्याकाळी म्हातारी माणसं, गरोदर बाया फिरायला जातात, त्या कुठे जातील? रस्त्यावर रेतीचे ट्रक धावतात. गावाने कायम चिखलातच राहायचं आणि शहरातल्या लोकांनी येऊन पक्षी बघायचे, हे मला पटत नाही. बेशरम उपटली तरी दोन वर्षांत परत येते. केलेला रस्ता दिसतो तरी.

झाडीपट्टीकर
@सडकअर्जुनीकर भाऊ, फिरायला वाट हवी यात वाद नाहीच. आमच्या पाळीवरून आजही लोक फिरतात, मुरमाची वाट आहे. हरकत काँक्रीटला आहे. आतल्या बाजूने भिंत बांधली की तलावाला काठच उरत नाही. पाणी आणि जमीन यांच्यामधली जी उथळ, गवताळ पट्टी असते तिथेच मासळी अंडी घालते.

@वैनगंगा ताई, हे फार मोलाचं सांगितलंत. बैठकीत बचत गटाच्या बाया शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. पुढच्या वेळी त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

पाटबंधारेवाले काका
नोकरीत असताना भंडारा-गोंदियाचे पुष्कळ तलाव पायी फिरलो आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जे गाव ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून ते बांधले गेले आणि त्यात कोहळी समाजाचा हात मोठा. नवेगाव बांधच्या पाळीवर ज्या कोलासुराला नारळ फोडतात तो म्हणजे तलाव बांधणारा कोलू पाटील कोहळी, असं परंपरा सांगते. तलाव बांधणाऱ्याचा देव करणारा हा मुलूख आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले. मालगुजार गेला हे चांगलंच झालं. पण दरवर्षी पाळीवर माती टाकायला घरटी एक माणूस यायचा, ती रीतही त्याच्याबरोबर गेली.

आता हिवाळ्याचं काम. माझ्या लेखी पहिलं काम ना रस्ता, ना बेशरम. पहिलं काम म्हणजे पाळ तपासणे, आणि त्याला हाच मोसम. पावसाळ्यात खालच्या बांध्या सगळ्याच ओल्या असतात, गळती कळत नाही. धान निघाल्यावर बांध्या सुकतात. अशा वेळी सकाळी पाळीच्या बाहेरच्या पायथ्याने सावकाश चालत जायचं. आजूबाजूचं गवत पिवळं पडलेलं असताना एखादा तुकडा हिरवागार दिसला, पायाखाली माती दबली, तर तिथून पाणी झिरपतंय असं समजा. झिरपणारं पाणी काचेसारखं स्वच्छ असेल तर नोंद करून लक्ष ठेवा. गढूळ असेल तर पाळीच्या आतली माती वाहून चालली आहे, आणि ते तातडीने खात्याला लेखी कळवा. उंदीर-घुशींची आणि खेकड्यांची बिळं याच वेळी शोधून चिकणमातीने ठासून बुजवायची.

पाळीवरची झुडपं काढा, मोठी झाडं मात्र उगाच तोडू नका. तोडलेल्या झाडाची मुळं आत कुजतात आणि त्यांच्या पोकळीतून पाण्याला वाट मिळते. गवत तर मुळीच खरवडू नका, पाळ तेच धरून ठेवतं.

ढिवरपोर
काकांनी लिहिलं ते शंभर टक्के. आमचा बाप बेशरम आणि घूस दोघांना एकच शिवी द्यायचा.

मी ढिवर समाजाचा, तलावावरच वाढलो, आता संस्थेचं काम बघतो. बेशरमीबद्दल जे हाताने केलंय ते सांगतो.

ती अमेरिकेकडून आलेली आहे, इथली नाही. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लोकांनी कुंपणाला लावली आणि ती तलावात उतरली. कापायची नाही, हे पहिलं. कापली तर खोडातून दुप्पट फुटते आणि पाण्यात पडलेला प्रत्येक तुकडा मूळ धरतो. मुळासकट उपटायची. हिवाळ्यात पाणी काठावरून हळूहळू मागे सरकतं, तिथली माती लोण्यासारखी असते. दोघांनी धरून हलवून ओढली की अख्खा बुंधा येतो. उन्हाळ्यात तीच माती फुटते, मुळं आतच तुटतात आणि पावसात परत हजर. म्हणून माझं मत, सुरुवात आत्ताच, पाणी सरकेल तसं मागे मागे जात करायची. उपटलेली पाळीच्या बाहेर, उंच कोरड्या जागी नेऊन मुळं वर करून ठेवायची. नुसती काठावर टाकली तर ओलावा मिळून जगते.

सडकअर्जुनीकर भाऊ म्हणतात तशी ती परत येते, खरं आहे. दुसऱ्या वर्षी पोरं वेचावी लागतात, तिसऱ्या वर्षी थोडी. पण जागा मोकळी सोडली तर येते. तिथे आपली वनस्पती लावली तर तिला जागाच मिळत नाही. अर्जुनी भागात मनीष राजनकर आणि त्यांच्यासोबत ढिवर संस्था, बचत गटाच्या बाया यांनी हेच काम बरीच वर्षं केलंय. बेशरम काढायची, उन्हाळ्यात तलावाचं पोट नांगरायचं, पाऊस पडला की स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. त्यानंतर गावरान मासोळी परत येते. झाडीपट्टीकर भाऊ, तुमच्याच तालुक्यात आहे, जाऊन बघा.

चहाबाज
@ढिवरपोर दादा, गावरान मासोळी म्हणजे कोणती? आम्हा शहरवाल्यांना रोहू, कटला आणि हॉटेलातला सुरमई एवढंच ज्ञान.

ढिवरपोर
दाडक, शिंगूर, बोटर, मरळ, वागूर, लहान मासळ्या तर कितीतरी. रोहू, कटला, मृगळ यांचं बीज संस्था सोडते, विकायला ते बरं असतं. पण घरी खायला बायका लहान मासळीच ठेवतात, सुकवून उन्हाळ्यालाही. ती बीज सोडून येत नाही, तिला काठचं गवत लागतं.

हिवाळ्यात आमच्याकडे जाळ्याचं काम. शेकोटीजवळ बसून फाटलेली जाळी विणायची, खाली शिशाचे मणी बदलायचे, डोंगा उलटा करून डांबर लावायचं. आजा अंधारात नुसत्या बोटांनी गाठ मारायचा, आसाचं (जाळीच्या भोकाचं) माप दोन बोटांवर. आता नायलॉनचं तयार जाळं बाजारात मिळतं, त्यामुळे पोरं शिकत नाहीत. तुमच्या गावच्या हिवाळी कामांत हेही घ्या: म्हाताऱ्या माणसाकडून पोरांना जाळं विणायला शिकवा. संध्याकाळी तासभर, खर्च काहीच नाही.

पक्षीवेडा नागपूर
मी दर हिवाळ्यात नवेगाव बांध, परसवाडा, झिलमिली या तलावांवर जातो. ऑक्टोबरअखेरपासून पाहुणे यायला लागतात: चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, लालसरी, नशीब असेल तर पट्टकादंब, जे हिमालय ओलांडून येतात. बदकांना मोकळं उथळ पाणी आणि त्याखालची वनस्पती लागते. बेशरमीच्या जाळीत ती उतरतच नाहीत.

आणि सारस! महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदियात, तेही मोजकेच. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत आणि तलावाच्या गवतात घरटं करतात, हिवाळ्यात पिल्लू घेऊन जोडी कापलेल्या बांध्यांत फिरताना दिसते. शेतकऱ्यांनी घरट्याभोवतीचा तुकडा न कापता ठेवला, अशी उदाहरणं या जिल्ह्यात आहेत.

एक विनंती. काम सुरू करण्याआधी एकदा पहाटे तलावाभोवती फिरून कुठे कोण बसतं ते वहीत लिहा आणि त्या बाजूचं काम दुपारी करा. जानेवारीत देशभर पाणपक्ष्यांची गणना होते, शाळेच्या पोरांना तिच्यात घ्या. मारुती चितमपल्ली नवेगावला वनाधिकारी होते. तलावाकाठच्या माणसांकडून पक्ष्यांची नावं आणि सवयी टिपून घेत त्यांनी मराठीत केवढं ज्ञान आणलं! तुमच्या गावातही तशी माणसं असतील.

सडकअर्जुनीकर
पक्षीवेडा साहेब, आदर आहे, पण पहाटे फिरायला लागणारी वाट कोणती? तीच मी मागतोय.

पक्षीवेडा नागपूर
मुरमाची. आणि दिवे नकोत, एवढंच हात जोडून मागणं आहे. रात्री तलावावर उजेड झाला की पाखरं जागा सोडतात.

पारवाला
आमच्या लहानपनी तलावाचा काम मंजे गावाचाच काम. डफ वाजला का समदे पारीवर. आता डफ वाजला त लोक इचारतात, मजुरी किती? मी कोनाले दोस देत नाई, पोट समद्याइले हाय. पन वरसातून एक दिस त गावानं तलावाले द्यावा. पारीवर सिमेट टाका नाई त सोन्याच्या इटा लावा, पानी नाई राहिला त पाह्याले कोन येइल?

वैनगंगा
@पारवाला काका, दंडवत. हे वाक्य ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा.

लाखोळीची भाजी
तलावाच्या खालच्या बाजूला आमची शेती, म्हणून शेतकरी बाईची बाजू मांडते. हिवाळ्यातलं आमचं सगळ्यात मोठं काम लाखोळी, म्हणजे लाख डाळ. धान उभं असतानाच, कापणीच्या पंधरा दिवस आधी ओल्या बांधीत लाखोळी फेकतो. नांगर नाही, पाणी नाही. धान कापलं की खाली हिरवी लाखोळी वर आलेली असते. डिसेंबरात तिचे शेंडे खुडतो, ताजी भाजी खातो, उरलेली वाळवून मडक्यात भरतो. डाळीचे वडे तर मंडईला हवेतच. ती फार खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून तिच्या विक्रीवर १९६१ साली बंदी आली होती, महाराष्ट्रात ती पुढे उठली. आता रतन, प्रतीक अशी कमी दोषाची वाणंही आहेत.

हे सांगायचं कारण: हार्वेस्टर आल्यापासून लाखोळी कमी झाली. यंत्राच्या चाकाखाली चिरडते. म्हणून गावातल्या पोरांना माझी विनंती, मशीन लावायचं तिथे लावा, पण तलावाखालच्या ओल्या बांध्या हाताने कापा. त्यात मजुरांनाही काम मिळतं.

दुसरं, गाळपेर. तलावाचं पाणी सरकलं की पोटातल्या जमिनीवर काही घरं भाजी, हरभरा, जवस करतात. त्यांना पाणी लवकर उतरायला हवं असतं, मासेवाल्यांना ते टिकायला हवं असतं. आमच्या गावी एका वर्षी रात्रीतून कुणीतरी तुडुमाचं बूच काढलं आणि मोठं भांडण झालं. काम सुरू करण्याआधी याचं ठरवून घ्या, नाही तर बेशरम राहील बाजूला.

मेघना_मिनेसोटा
तुडूम म्हणजे नेमकं काय असतं?

पाटबंधारेवाले काका
तलावातून पाणी सोडायची जुनी व्यवस्था. पाळीला लागून आतल्या बाजूने दगडी बांधकाम पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरतं, प्रत्येक टप्प्यावर भोक आणि त्याला लाकडी बूच. पाणी उतरेल तसं खालचं बूच काढत जायचं. त्यामुळे कायम वरच्या थराचं पाणी शेताला जातं आणि दाबही बेताचा राहतो. बूच कोणी, कधी काढायचं हे गावाने नेमलेल्या पाणकराच्या हातात. गाळपेरवाल्या ताईंनी सांगितलं ते भांडण पाणकर नसल्यामुळेच होतं. हिवाळ्यात तुडूम बघून घ्या, बुचं नवी करा, लाकूड पाण्यात टिकणारं वापरा.

मेघना_मिनेसोटा
धन्यवाद काका! मी मूळची नागपूरची, आता मिनेसोटात तळ्याकाठच्या एका छोट्या गावाजवळ राहते. इथेही ऑक्टोबर म्हणजे तळ्याची आवराआवर. पाण्यात रोवलेले लाकडी धक्के गोठण्याआधी शेजारीपाजारी मिळून बाहेर ओढतात, होड्या उलट्या करून ठेवतात. डिसेंबरात तळ्यावर बर्फ जाड झाला की लोक त्याला भोक पाडून गळ टाकून बसतात.

पण मला लिहायचंय ते देवधानाबद्दल. इथल्या तळ्यांत जंगली भात होतो. आपल्या देवधानाहून वेगळी जात, पण तसाच पाण्यात उभा. इथले मूळचे ओजिब्वे लोक ऑगस्टअखेर-सप्टेंबरात छोट्या होडीतून जातात. एक जण होडी ढकलतो, दुसऱ्याच्या हातात दोन हलक्या काठ्या असतात. एका काठीने लोंब्या होडीवर वाकवायच्या, दुसरीने हळूच झोडायच्या. पिकलेले दाणे होडीत पडतात, काही पाण्यात पडतात आणि तेच पुढच्या वर्षीचं बी. ते धान्य त्यांना पवित्र आहे. १९७७ साली ते राज्याचं अधिकृत धान्य ठरलं. आपल्याकडे देवधान कसं गोळा करतात? आणि परत लावता येईल का?

ढिवरपोर
मेघना ताई, वाचून अंगावर काटा आला. आमच्या बाया पण तसंच करायच्या! पहाटे दव असताना पाण्यात उतरून टोपली लोंब्यांखालून फिरवायची. ऊन चढलं की दाणा हात लावताच गळतो, म्हणून पहाटेच. उपासाला खातात, नांगर न लागलेलं धान म्हणून.

लावता येतं. याच दिवसांत दुसऱ्या तलावावरून दाणा गोळा करून ठेवायचा आणि पहिल्या पावसानंतर उथळ भागात टाकायचा. झाडीपट्टीकर भाऊ, बी मिळायची वेळ आत्ताच सरत आलीय, हे काम बेशरमीच्याही आधी करा. जिथे कापणी झाली नसेल अशा एखाद्या तलावावर बचत गटाच्या बायांना घेऊन जा.

धामापूरकर
सिंधुदुर्गातून हजेरी. आमचा धामापूर तलाव १५३० सालचा, विजयनगरच्या मांडलिक नागेश देसाईंनी बांधला असं सांगतात. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. आमच्याकडे हिवाळा म्हणजे वायंगणी भाताची वेळ, पाण्याची सोय असलेल्या मळ्यांत दुसरं भात. त्याआधी पाट साफ करणं हे सगळ्या वाडीचं काम असतं.

रस्ता-दिव्यांबद्दल: जुन्या तलावाला मान मिळतो तो अजून शेतं भिजवतो म्हणून. हे तुमच्या गावातल्या पहिल्या तटाला सांगून बघा. निधी पाटाला आणि तुडुमालाही मागता येतो.

चहाबाज
अवांतर: मंडईतलं नाटक कुणी बघितलं यंदा? वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा म्हणे होळीपर्यंत भरल्यात.

झाडीपट्टीकर
बघितलं ना! घोंगडी घेऊन सगळं गाव मांडवात. नायिका रडली तशा पुढच्या चार रांगा रडल्या, आणि पहाटे चारला विनोदी नटाने मांडव डोक्यावर घेतला. दिवसा दंडार (आमच्याकडचं लोकनाट्य), रात्री नाटक. मुली दिवाळीला आल्या नाहीत तरी मंडईला माहेरी येतात. तुम्ही या एकदा, चहा आमच्याकडे.

सडकअर्जुनीकर
सगळे प्रतिसाद वाचले. पाळीच्या पायथ्याने फिरून गळती शोधायची, हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याही तलावाखाली एक तुकडा उन्हाळ्यापर्यंत हिरवा असतो, तिथे गुरं सोडतात. आता जाऊन बघतो. वाट हवीच यावर ठाम आहे, पण मुरमाची चालेल, भिंत नको, हे मान्य. काका, तक्रार लेखी करायची तर कुणाकडे?

पाटबंधारेवाले काका
तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते ग्रामपंचायतीत बघा. जिल्हा परिषदेचा असेल तर तिच्या लघुपाटबंधारे विभागाला, मोठा असेल तर राज्याच्या जलसंपदा विभागाला. ग्रामसभेचा ठराव जोडा, जागेचा फोटो आणि पाळीवरचं अंतर लिहा. त्याचसोबत गावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज काढून ठेवा, त्यात तलावावर गावाचे कोणते हक्क आहेत ते लिहिलेलं असतं. तलाव जंगलात असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात मासळी आणि पाण्यातल्या उपजेवरचा सामूहिक हक्कही मागता येतो. थंडीच्या संध्याकाळी कागद वाचायला वेळ असतो, हेही हिवाळ्याचंच काम. गाळ काढायचा अर्जही आत्ताच द्या, म्हणजे एप्रिल-मेमध्ये तलाव कोरडा पडल्यावर काम निघेल. गाळ शेतात टाकायला लोक तयार असतातच.

झाडीपट्टीकर
मंडळी, काल परत बैठक झाली. हा धागा मोबाईलवर वाचून दाखवला. बाया पुढे बसल्या आणि वैनगंगा ताई म्हणाल्या तसंच झालं, दहा मिनिटांत गेलेल्या भाज्या, मासळ्या आणि देवधानाची जागा सगळं त्यांनी सांगितलं. कोणत्या घाटाखाली कमळ होतं ते एका आजीने काठीने जमिनीवर आखून दाखवलं.

ठरलं ते असं. देवधानाचं बी आणायला या आठवड्यात बाया जाणार. भारी धान बांधीतून उचललं की पाळीच्या पायथ्याची फेरी, त्यात मच्छीमार संस्थेचे दोघे आणि खालचे शेतकरी. मग पश्चिमेकडून बेशरम, दर रविवारी, घरटी एक माणूस, मजुरी नाही, दुपारचं जेवण बचत गटाकडे. गाळपेरवाल्या घरांशी पाण्याची पातळी ठरवूनच पुढे जायचं, ते बोलणं अजून बाकी आहे आणि सोपं नाही. दोन घरं अडून बसलीत. सरपंचांनी मुरमाच्या वाटेला होकार दिला, भिंतीचा प्रस्ताव तूर्त बाजूला.

लाखोळीची भाजी
अडलेल्या घरांना बी देऊन बघा. पाणी उशिरा सरकलं तर जवसाऐवजी काय होईल, याचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा. मी येते बोलायला, त्यातलं एक घर माझ्या मावशीच्या नात्यातलं आहे.

पारवाला
डफ मी वाजवतो. मजुरी नको.

ढिवरपोर
आमच्या संस्थेचे चार जण पहिल्या रविवारी येतील. भाऊ, एवढं बघा: बेशरमीचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, पोरांना हातमोजे द्या, आणि सकाळी नऊच्या आत पाण्यात कुणाला उतरवू नका, पाणी फार गार असतं. जेवणात लाखोळीचे वडे असतील तर आम्ही सहा जण येऊ.